बोल्टचे धागे की आटे? – दोरा, धागा, सूत यांची शब्दचर्चा

प्रश्न : एका यंत्राच्या माहितीपुस्तिकेत ‘बोल्टचे धागे तपासा’ असं छापलंय. ‘थ्रेड’ला सगळीकडे धागाच म्हणायचं का?

उत्तर : मुळीच नाही. बोल्टला, नटाला, नळाला असतात ते आटे, आणि शब्द बहुधा अनेकवचनीच. आटे पाडतात, आटे बसतात, वाजवीपेक्षा जोर लावला की आटे जातात. एम १० म्हणजे १० मिमी व्यासाच्या बोल्टसाठी (पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.५ मिमी) भोक ८.५ मिमीचं पाडायचं. मग टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) सरळ धरून, तेल सोडत, एक फेरा पुढे आणि अर्धा मागे. मागे फिरवायचा कंटाळा केला की कीस अडकतो आणि टॅप आतच मोडतो. कडक पोलादाचा तो तुकडा साध्या ड्रिलला दाद देत नाही. ‘उलटे आटे’ही असतात. सायकलचं डावं पेडल नेहमीसारखं सोडवायला जावं तर आणखी आवळलं जातं.

दुसरं उत्तर : कापडाचं बोलायचं तर सुईत ओवतो तो दोरा, कापडातून निघतो तो धागा, चरखा किंवा गिरणी काढते ते सूत. सुताचे दोन-तीन पदर एकत्र पिळले की शिवणाचा दोरा होतो. एकपदरी सूत मशीनवर टिकत नाही, नेढ्यात घासून पिंजतं. नंबरात हमखास गोंधळ होतो : ४० नंबरी सूत म्हणजे ८४० वारांच्या ४० लडींचं वजन एक पौंड. म्हणजे नंबर चढेल तसं सूत बारीक.

प्रश्न : मग गवंडी ‘चार सूत सळई’ म्हणतात ती?

उत्तर : ते माप. आठ सुतांचा एक इंच, म्हणजे एक सूत ३.१७५ मिमी. तीन सूत म्हटलं की १० मिमीची सळई मिळते, चार सूत १२ची, पाच सूत १६ची. बोली चालते, हिशेब मात्र मिलिमीटरातच करा. व्यासाचा वर्ग भागिले १६२ केलं की मीटरचं वजन किलोत येतं : १२ मिमीला ०.८८९. चार सूत म्हणून १२.७ धरलंत तर ०.९९६ येतं, म्हणजे अंदाज बारा टक्के फुगला.

आणखी एक : वाक्प्रचारांत अदलाबदल चालत नाही. दोघांचं जुळतं ते सूत. बोलण्याचा सुटतो तो धागा. तपासात सापडतात ते धागेदोरे, जोडीनेच.

आणि नळाच्या आट्यांवर सफेदा (सांध्याला लावायचा पांढरा लेप) लावून गुंडाळायचे तेही सूतच. आता टेफ्लॉन टेप आली. आट्यांचं टोक आपल्याकडे धरून ती घड्याळाच्या दिशेने गुंडाळावी. उलटी गुंडाळली तर आवळताना गोळा होऊन बाहेर येते आणि सांधा पाझरतो.