काकांनी शब्द दिला आणि फिरवला, हा कॉन्ट्रॅक्ट होतो का?

बेअरॲक्ट_हरवला:

नमस्कार मंडळी. लॉच्या पहिल्या वर्षाला आहे, पुढच्या आठवड्यात कॉन्ट्रॅक्टचा पेपर आहे आणि एका प्रॉब्लेमवरून होस्टेलवर दोन दिवस भांडण चाललंय. प्रॉब्लेम असा: काका पुतण्याला म्हणतात, "बारावीला 85 टक्के पाड, 60 हजार देतो." पुतण्या 17 वर्षांचा. तो वर्षभर मान मोडून अभ्यास करतो, 87 टक्के पडतात, आणि मग काका म्हणतात अरे ते मी प्रेमानं बोललो होतो रे. काकांवर दावा चालेल का?

आमच्या नोट्समध्ये एका ओळीत उत्तर आहे, घरगुती बोलणं, बालफोर विरुद्ध बालफोर, कॉन्ट्रॅक्ट नाही. पण मी 1872 चा भारतीय करार कायदा उघडून कलम 10 वाचलं तर त्यात मोकळी संमती आहे, पक्ष सक्षम पाहिजेत आहे, प्रतिफल (म्हणजे वचनाच्या बदल्यात जे करायचं किंवा द्यायचं ते) आणि उद्देश कायदेशीर पाहिजे आहे, पण "कायदेशीर नातं जोडायचा इरादा" असले शब्दच नाहीत. मग ते आलं कुठून? आणि दुसरं म्हणजे इथे प्रतिफल तरी कुठलं, अभ्यास पोरानं स्वतःसाठीच केला ना, काकांना काय मिळालं? डोकं फिरलंय.

सातबारा_किंग:

भाऊ लेखी नाही, स्टॅम्प पेपर नाही, साक्षीदार नाही. करारच नाही तर दावा कसला. विषय कट.

तालुका_कोर्टातला:

किंगसाहेब विषय इतक्यात कट होत नाही. हे स्टॅम्प पेपरचं भूत आमच्याकडे रोज येतं, पक्षकार येऊन सांगतो "वकीलसाहेब स्टॅम्पवर नाहीये म्हणजे काहीच नाही ना". कलम 10 म्हणतं की दुसऱ्या एखाद्या कायद्यानं लेखी किंवा नोंदणी मागितली असेल तर ती लागेल, एरवी नाही. शंभर रुपयांवरच्या जागेची विक्री असेल तर नोंदणीकृत खरेदीखतच लागतं, ते वेगळं. आणि स्टॅम्प कमी पडला म्हणून दस्त मरत नाही, मुद्रांक आणि दंड भरेपर्यंत पुराव्यात घेत नाहीत एवढंच, हे सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी डिसेंबर 2023 मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय.

तोंडी कराराचं उदाहरण हवं तर आपल्या खामगावचंच घ्या. 1959 साली अहमदाबादच्या व्यापाऱ्यानं फोनवरून खामगावच्या केडियांकडे सरकी पेंडीचा सौदा मागितला, केडियांनी फोनवरच होकार दिला, माल काही आला नाही. भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, 1965 चा निकाल आहे, आणि मुद्दा काय तर करार झाला कुठे, खामगावला की अहमदाबादला. बहुमत म्हणालं फोनवर होकार जिथे ऐकू आला तिथे, म्हणजे अहमदाबादला, पत्र असतं तर जिथे पोस्टात टाकलं तिथे. हिदायतुल्ला साहेबांचं मत वेगळं होतं, ते म्हणाले होकार कधी पुरा होतो ते सांगणाऱ्या कलम 4 मध्ये फोनला वेगळा नियम नाही, म्हणजे करार खामगावलाच. पेपरात हे वेगळं मत लिहिलं तर तपासणारा खूश होतो, अनुभवाचे बोल.

खडूफळा:

मी शिकवते हाच विषय, म्हणून जरा लांबण लावते, सांभाळून घ्या.

बेअरॲक्ट, तू योग्य ठिकाणी अडलायस. बालफोर 1919 ची इंग्लंडची केस. नवरा सिलोनमध्ये सरकारी नोकरीत, बायको आजारपणामुळे इंग्लंडमध्ये थांबली, नवऱ्यानं महिना 30 पौंड पाठवायचं कबूल केलं, पुढे संबंध बिघडले, बायकोनं दावा लावला आणि हरली. "इरादा" तिथून आला. आपली कोर्टंही इरादा बघतात, पण आपल्या कायद्याच्या मजकुरात तो नाही आणि बालफोर नवराबायकोचं होतं, म्हणून "घरातलं आहे म्हणजे नाहीच" एवढं लिहून पुढे गेलास तर अर्धे मार्क जातील.

आता प्रतिफल. सगळ्यांची एकच चूक होते, काकांना फायदा काय झाला ते शोधत बसतात. कलम 2(d) फायदा विचारतच नाही. ते विचारतं, वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून समोरच्यानं काही केलं का, किंवा करायचं टाळलं का. म्हणजे पहिला प्रश्न हा, की काकांनी बदल्यात काय मागितलं. इच्छा कोणाची हे किती महत्त्वाचं आहे ते अलाहाबादच्या 1880 च्या दुर्गाप्रसाद विरुद्ध बलदेवमध्ये दिसतं. तिथे एकानं कलेक्टरच्या सांगण्यावरून स्वतःच्या खर्चानं बाजार बांधला, नंतर तिथल्या दुकानदारांनी त्याला कमिशन द्यायचं कबूल केलं आणि मग दिलं नाही. बाजार तर बांधला होता, खर्च खरा होता, पण दुकानदारांच्या इच्छेवरून नाही, म्हणून हरला. उलट 1886 ची कलकत्त्याची केदारनाथ विरुद्ध गोरी महंमद. हावड्याला टाऊन हॉल बांधायचा होता, एकानं वर्गणीच्या यादीत 100 रुपयांवर सही केली, त्या सह्यांच्या भरवशावर कंत्राटदाराला काम दिलं गेलं, आणि हा म्हणाला मला हॉलचा काय उपयोग. द्यावे लागले.

आणि तुझ्या प्रॉब्लेमचा तर सख्खा भाऊ आहे, हॅमर विरुद्ध सिडवे, न्यूयॉर्क, 1891. तिथेही काका पुतण्याच. काका म्हणाले 21 वर्षांचा होईपर्यंत दारू, तंबाखू, शिव्या आणि पैसे लावून पत्ते किंवा बिलियर्ड्स यातलं काही केलं नाहीस तर 5000 डॉलर देतो. पोरानं पाळलं. काका वारल्यावर मृत्युपत्राच्या व्यवस्थापकानं तुझाच मुद्दा मांडला, पोराचं तर भलंच झालं ना, मग प्रतिफल कसलं? कोर्ट म्हणालं जे करायचा त्याला हक्क होता ते त्यानं शब्दाखातर सोडलं, एवढं पुरे. ही परदेशी केस, आपल्या कोर्टावर बंधनकारक नाही, पण "करायचं टाळलं" हे शब्द आपल्या 2(d) मध्येही आहेत हे लक्षात घे.

आता काकांची बाजू, आणि ही कच्ची नाही. ते "प्रेमानं बोललो" म्हणाले. बरं, समजू की निव्वळ प्रेम. मग कलम 25 येतं, जवळच्या नातलगाला नैसर्गिक प्रेमापोटी दिलेलं वचन बिनप्रतिफलाचंही चालतं पण लेखी आणि नोंदणी केलेलं असेल तरच. म्हणजे काकांचं हे वाक्य खरं ठरलं तर पुतण्या हरतो. सगळा खेळ एकाच गोष्टीवर येऊन थांबतो, 85 टक्के ही काकांची मागणी होती की बक्षिसाचा नुसता मुहूर्त. "पास झालास तर पेढे वाटू" यात कोणी काही मागत नाही. "85 पाड, 60 हजार देतो" यात मागणी दिसते, आकडे ठरलेले आहेत, पोरानं वर्ष घातलंय. माझा कल पुतण्याकडे, पण दोन्ही बाजू लिहा.

बेअरॲक्ट_हरवला:

बापरे मॅडम, थँक्यू, तीन लेक्चरात नाही कळलं ते आत्ता कळलं. पण मग पोरगा 17 चा आहे त्याचं काय? मोहोरीबीबी केसनुसार अज्ञानाचा, म्हणजे 18 खालच्याचा, करार मुळातूनच रद्दबातल ना, मग एवढं सगळं करून शेवटी काकाच जिंकणार?

तालुका_कोर्टातला:

मोहोरीबीबी अर्धीच वाचतात पोरं. 1903, प्रिव्ही कौन्सिल, म्हणजे इंग्रजांच्या काळातलं लंडनचं शेवटचं अपील कोर्ट. कलकत्त्यात धर्मोदास घोष नावाच्या अज्ञान मुलानं सावकाराला घर गहाण टाकून दिलं, आणि सावकाराच्या वकिलाला मुलाचं वय माहीत होतं. गहाणखत रद्द, वर सावकारानं दिलेली रक्कमही त्याला परत मिळाली नाही. तिथे कायदा अज्ञानाच्या अंगावर बोजा पडू देत नव्हता. इथे बोजा काकांवर आहे, पोरानं त्याची बाजू पूर्ण केलीय, त्याच्याकडून आता काहीच येणं नाही. 1916 ला मद्रासच्या फुल बेंचनं राघव चारियार केसमध्ये अज्ञानाला लिहून दिलेलं गहाणखत मान्य केलं, कारण पैसे त्याच्याकडून पूर्ण गेले होते. 17 च्या वयाची ढाल पोरासाठी आहे, काकांनी ती उचलायची नाही. फक्त दावा करताना पोरगा अजून अज्ञान असेल तर पालकामार्फत करावा लागेल, आणि मुदत तीन वर्षांची, हे विसरू नका.

मंडप_डेकोरेशन:

मी वकील नाही, वाचत होतो. मला सांगा, करारच झाला नसेल तर माणूस मेलाच का? एका संस्थेच्या कार्यक्रमाला फोनवर "या, मंडप टाका" म्हणाले, रेट काहीच ठरला नव्हता, आम्ही टाकला, तीन दिवस वापरला, आता म्हणतात ज्यानं फोन केला त्याला अधिकारच नव्हता, ठरावच झालेला नाही.

तालुका_कोर्टातला:

तुमचं प्रकरण कागद बघितल्याशिवाय सांगणार नाही, पण नियम सांगतो, पोरांनाही कामाला येईल. करार आणि देणं या दोन गोष्टी आहेत. करार नसतानाही देणं लागू शकतं. कलम 70: तुम्ही कायदेशीर काम केलंत, फुकट करायचा हेतू नव्हता, आणि समोरच्यानं त्याचा लाभ घेतला, तर त्यानं भरपाई द्यायची किंवा वस्तू परत करायची. 1961 ला सुप्रीम कोर्टात बंगाल सरकार विरुद्ध मंडल अशी अगदी तुमच्यासारखीच केस निकाली निघाली, ठेकेदारानं सरकारी अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून शेड वगैरे बांधल्या, सरकारनं त्या वापरल्या आणि नंतर म्हणालं नियमात बसणारा करारच झालेला नाही. करार नव्हता हे कोर्टानंही मानलं, तरी पैसे द्यायला लावले. आता तुम्ही म्हणाल तो रेट लागेल असं नाही, वाजवी काय ते कोर्ट बघेल. मंडप उभा असतानाचे फोटो असतील तर जपून ठेवा.

खडूफळा:

बेअरॲक्ट, कलम 70 तुझ्या प्रॉब्लेमला लावू नकोस हं, दरवर्षी कोणीतरी लावतंच. पुतण्याच्या मार्कांचा लाभ काका उपभोगत नाहीत, निदान कायद्याच्या भाषेत तरी नाही.

सातबारा_किंग:

मान्य, माझा स्टॅम्प पेपर मागे घेतो. पण एक शंका, काकांनी पोराच्या बापाला सांगितलं असतं आणि पोराला ते रिझल्ट लागल्यावर कळलं असतं तर?

बेअरॲक्ट_हरवला:

हे मला येतं! लालमन शुक्ला, 1913, अलाहाबाद. मालकाचा हरवलेला पुतण्या शोधून आणला, 501 रुपयांच्या बक्षिसाचं नंतर कळलं, मिळालं नाही. जो प्रस्ताव माहीतच नाही तो स्वीकारणार कसा. मॅडम बरोबर ना?

खडूफळा:

बरोबर. फक्त नोकर होता आणि शोधायला त्याला पाठवलंच होतं, तेही लिही, कोर्टानं तेही धरलंय.

मंडप_डेकोरेशन:

फोटो आहेत, व्हिडिओ पण आहे, त्यात त्यांचे अध्यक्षच भाषण करतायत आमच्या मंडपात.