जिनिंगच्या कार्यालयातील रोजच्या नोंदींसाठी आरपीए (रोबोटिक प्रोसेस ऑटोमेशन) घ्यावे का?

काटापावती (धरणगाव) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. धरणगाव तालुक्यातील एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्याचे कार्यालय मी सांभाळतो. दिवाळीच्या सुमारास कपाशीची आवक सुरू झाली की मार्चपर्यंत आम्हाला उसंत नसते. भरलेली गाडी काट्यावर येते, वजन होते, कापूस उतरल्यावर रिकाम्या गाडीचे वजन होते, ओलावा पाहून भाव ठरतो आणि काट्याच्या संगणकातून पावती निघते. इथपर्यंत सारे सुरळीत चालते. संध्याकाळी मात्र कार्यालयातली दोन मुले त्याच पावत्या समोर ठेवून प्रत्येकीचे नाव, गाव, निव्वळ वजन, भाव आणि कपात पुन्हा टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरतात, त्यातूनच तिसऱ्यांदा बँकेसाठी एनईएफटीची एक्सेल यादी तयार करतात आणि शेवटी प्रत्येक शेतकऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर रकमेचा निरोप पाठवतात. शिवाय रुईच्या गाठींची गाडी गुजरातेत किंवा तमिळनाडूत निघायची असेल, तर तिचे बिल आणि मालवाहतुकीसाठी लागणारे ई-वे बिल वेगळेच असते.

नाशिकच्या एका विक्रेत्याने आम्हाला आरपीए सॉफ्टवेअरचे प्रात्यक्षिक दाखवले. पडद्यावर माऊस आपोआप फिरतो आणि आकडे आपोआप भरले जातात, हे पाहून शेटजी प्रसन्न झाले. विक्रेत्याचे म्हणणे असे की, ही सारी कामे हा रोबोट माणसाशिवाय करील. त्यासाठी दरवर्षी परवान्याची रक्कम भरावी लागेल. ती रक्कम आमच्या मानाने लहान नाही. ज्यांनी हे प्रत्यक्ष वापरले आहे, त्यांनी कृपया सांगावे की आमच्याएवढ्या कार्यालयाला याचा खरोखर उपयोग आहे का, आणि असल्यास सुरुवात कोठून करावी? दोन्ही मुले गावातलीच आहेत व कामाला चोख आहेत. त्यांना काढण्याचा विचार नाही, हेही स्पष्ट करतो.

सातपुडा_कोड (मूळ गाव यावल, सध्या पुणे)

काटापावती दादा, आपण काम नेमके मांडल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. आरपीए म्हणजे माणूस पडद्यावर ज्या कृती करतो, म्हणजे खिडकी उघडणे, चौकटीत आकडा लिहिणे, बटण दाबणे, त्याच कृती ठरलेल्या क्रमाने करणारा कार्यक्रम होय. यंत्रमानवाचा यात काही संबंध नाही आणि स्वतःची अक्कलही या कार्यक्रमाला नसते. ब्लू प्रिझम ही ब्रिटिश कंपनी २००१ साली, ऑटोमेशन एनीव्हेअर २००३ साली आणि यूआयपाथ २००५ साली बुखारेस्टमध्ये सुरू झाली. या तिघींचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे बँका, विमा कंपन्या आणि दूरसंचार कंपन्या, जिथे जुन्या प्रणाली एकमेकींशी बोलत नाहीत आणि त्या बदलणे परवडतही नाही. त्यांच्या किमतीही त्याच हिशेबाने ठरलेल्या असतात.

म्हणून पहिला प्रश्न रोबोट कोणता घ्यावा हा नाही. माहिती एका प्रणालीतून दुसरीत नेण्याचा सरळ मार्ग आधीच उपलब्ध आहे का, हा आहे. आपल्या कामाच्या बहुतेक भागासाठी तो मार्ग आहे. टॅली प्राइममध्ये एक्सएमएल फाइलमधून व्हाउचर (हिशेबाच्या नोंदी) आयात करण्याची सोय फार पूर्वीपासून आहे आणि ४.० या आवृत्तीपासून थेट एक्सेलमधूनही आयात होते. ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेले जीएसटी बिल) आणि ई-वे बिल टॅलीतूनच, पोर्टल न उघडता, तयार करता येते. आपली उलाढाल ५ कोटींच्या वर असणार, त्यामुळे १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस आपल्याला लागू असेलच. गाठींच्या बिलाचा आयआरएन (ई-इनव्हॉइसचा नोंदणी क्रमांक) घेतानाच वाहन क्रमांक आणि अंतर भरले, तर ई-वे बिलही त्याच वेळी मिळते. एवढ्यासाठी पोर्टलवर माऊस फिरवणारा रोबोट विकत घेणे म्हणजे दार उघडे असताना खिडकीतून आत शिरण्यासाठी शिडी विकत घेणे आहे.

उरतो तो काट्याचा संगणक. वजनकाट्याची जुनी सॉफ्टवेअर आपली नोंद बहुधा अ‍ॅक्सेसच्या किंवा एसक्यूएल सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये ठेवतात आणि अहवालाच्या पानावर कोठेतरी टेक्स्ट किंवा एक्सेल फाइल काढण्याचे बटण असते, ज्याला आजवर कोणी हात लावलेला नसतो. ते बटण सापडले तर रोजच्या पावत्यांची यादी एका फाइलमध्ये मिळेल. एक्सेलच्या पॉवर क्वेरीने, म्हणजे माहितीची मांडणी बदलणाऱ्या सोयीने, ती टॅलीच्या साच्यात आणि बँकेच्या साच्यात बसवता येईल. बटण नसेल आणि काट्याचा पुरवठादारही दाद देत नसेल, तर मात्र पडद्यावरून आकडे वाचणारा रोबोट ही योग्य निवड ठरते.

तशी वेळ आली तरी लगेच महागडा परवाना घेऊ नका. मायक्रोसॉफ्टने २०२० साली सॉफ्टोमोटिव्ह ही कंपनी विकत घेतली आणि मार्च २०२१ मध्ये पॉवर ऑटोमेट डेस्कटॉप हे आरपीएचे साधन विंडोज १० वापरणाऱ्यांना विनामूल्य दिले. विंडोज ११ मध्ये ते सोबतच येते. विनामूल्य प्रकारात एक मर्यादा आहे: ठरलेल्या वेळी आपोआप, समोर कोणी नसताना ते चालवायचे असेल तर पैसे भरावे लागतात. पण आपल्याकडे संध्याकाळी मुलगा खुर्चीवर असणारच आहे. त्याने बटण दाबावे आणि शेजारी बसून अडलेल्या पावत्या पाहाव्यात, हेच मला अधिक सुरक्षित वाटते. विक्रेत्याच्या 'माणसाशिवाय' या शब्दावर मी तरी भरवसा ठेवणार नाही.

जमाखर्च_धुळे

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मी धुळ्यात करसल्लागार म्हणून काम करतो आणि माझ्या अशिलांत जिनिंगवालेही आहेत, म्हणून हिशेबाच्या बाजूने काही गोष्टी जोडतो.

शेतकऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या कापसावरचा जीएसटी रिव्हर्स चार्ज पद्धतीने खरेदीदाराला भरावा लागतो. तोच कापूस नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून आला तर कर त्याच्या बिलात येतो. काट्याच्या पावतीवर मात्र दोघांच्याही गाड्या सारख्याच दिसतात. आपल्या मुलांना कोण शेतकरी आणि कोण व्यापारी हे तोंडपाठ असेल, पण रोबोटला ते पावतीवरच्या एखाद्या रकान्यातून कळले पाहिजे. म्हणून काट्यावरच 'विक्रेत्याचा प्रकार' असा रकाना भरण्याची सवय आधी लावावी. आरपीए बसवताना निम्मे श्रम असे न लिहिलेले नियम कागदावर आणण्यातच जातात, आणि माझ्या मते तोच त्याचा खरा लाभ आहे.

दुसरी गोष्ट दुहेरी नोंदीची. रोबोट शंभर पावत्यांपैकी साठ भरून थांबला आणि कोणी पुन्हा पहिल्यापासून चालवला, तर साठ शेतकऱ्यांच्या नावे दोनदा जमा होते. माणसाच्या हे लक्षात येते, रोबोटच्या येत नाही. त्यावर उपाय एकच: काटापावतीचा क्रमांक टॅलीत संदर्भ म्हणून लिहावा आणि प्रत्येक नोंदीपूर्वी तो क्रमांक आधीच आहे का हे तपासण्याची पायरी ठेवावी. दिवस संपताना काट्यावरचे एकूण निव्वळ क्विंटल आणि टॅलीतले एकूण क्विंटल जुळलेच पाहिजेत. ती जुळणी होईपर्यंत बँकेची यादी तयारच होऊ नये, असा बांध घालून घ्या.

बँकेच्या बाबतीत मी हट्टी आहे. रोबोटने फक्त यादी करावी. ती बँकेत चढवणे आणि मंजूर करणे ही कामे दोन वेगळ्या माणसांनी करावीत. एनईएफटीत रक्कम खातेक्रमांकावरूनच जमा होते, नाव जुळले नाही म्हणून ती अडत नाही. खातेदाराचे नाव आधी पाहण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने १ एप्रिल २०२५ पासून बँकांना द्यावी लागली आहे. नवीन शेतकऱ्याचे खाते पहिल्यांदा नोंदवताना ती आवर्जून वापरावी. आणि ई-वे बिलाच्या पोर्टलवरचा कॅप्चा किंवा ओटीपी रोबोट 'तोडून देईल' असे कोणी म्हटले, तर त्याला चहा पाजून निरोप द्यावा. त्या पोर्टलवर दुहेरी पडताळणी १ एप्रिल २०२५ पासून सर्वांना सक्तीची आहे आणि ती माणसाची खात्री करण्यासाठीच आहे.

दालमिल_जळगाव

आम्ही जळगावच्या एमआयडीसीत डाळमिल चालवतो आणि पॉवर ऑटोमेटचा विनामूल्य प्रकार वापरतो. वरच्या दोघांनी तत्त्वे सांगितली, मी रोजच्या कटकटी सांगतो.

शेतकऱ्यांची नावे काट्याच्या संगणकात कोणत्या फॉन्टमध्ये आहेत, हे सर्वांत आधी पाहा. आमच्याकडे ती युनिकोडपूर्व काळातल्या मराठी फॉन्टमध्ये होती. पडद्यावर 'पाटील' दिसायचे, पण एक्सेलमध्ये चिकटवले की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी उमटायची. एक मराठी-युनिकोड रूपांतरक वापरून संपूर्ण यादी बदलावी लागली आणि जोडाक्षरे हाताने तपासावी लागली. शिवाय आपल्याकडे एकाच गावात एकाच नावाचे चार पाटील सहज निघतात, म्हणून नावावरून शोध घेणारा कोणताही नियम लिहू नका. प्रत्येक शेतकऱ्याला स्वतंत्र क्रमांक द्या आणि सारी साखळी त्याच क्रमांकावर चालवा.

खातेक्रमांकाचा रकाना एक्सेलमध्ये आधीच 'टेक्स्ट' करून ठेवा. एक्सेल १५ अंकांपुढचे अंक शून्य करून टाकते आणि सुरुवातीचे शून्य खाऊन टाकते. काही बँकांचे खातेक्रमांक १६ अंकी असतात, काहींचे शून्यानेच सुरू होतात. बँकेच्या शाखेचा आयएफएससी संकेत ११ अक्षरांचा असतो आणि त्यातले पाचवे अक्षर नेहमी शून्य असते. तिथे इंग्रजी 'ओ' टाइप झालेला पुष्कळदा सापडतो. ही दोन तपासण्या यादीत घातल्यापासून बँकेकडून परत येणाऱ्या रकमा आमच्याकडे बऱ्याच कमी झाल्या, आणि त्यासाठी रोबोटही लागला नाही, एक्सेलचे सूत्र पुरले.

पडद्यावर चालणारा रोबोट पडदा लॉक झाला की अडतो. कोणी स्क्रीनचे रिझोल्यूशन बदलले, टॅलीची नवी आवृत्ती आली, मध्येच अपडेटची सूचना उगवली, तरीही अडतो. म्हणून बटण ओळखताना 'पडद्यावरील अमुक जागा' किंवा चित्र असे न सांगता, जिथे शक्य असेल तिथे त्या घटकाची ओळख, म्हणजे सिलेक्टर, वापरावा. काट्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तो पुष्कळदा मिळत नाही. तिथे कीबोर्डच्या टॅब आणि एंटर कळांनी फिरणे माऊसपेक्षा भरवशाचे ठरते. वीज गेली तर काय, याचेही उत्तर तयार ठेवा. इन्व्हर्टरवर फक्त काटा असेल आणि कार्यालयाचा संगणक नसेल, तर रोबोट अर्ध्यातच बंद पडतो आणि मग धुळ्याच्या साहेबांनी सांगितलेली दुहेरी नोंद ठरलेलीच.

मुलांबद्दल एवढेच सांगतो की, त्यांपैकी एकालाच हे शिकवा. बाहेरचा तंत्रज्ञ कितीही हुशार असला तरी 'हा शेतकरी दोन खात्यांत अर्धे अर्धे मागतो' हे त्याला ठाऊक नसते.

काटापावती (धरणगाव)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काट्याच्या सॉफ्टवेअरमध्ये अहवालाच्या पानावर टेक्स्ट फाइल काढण्याची सोय खरोखरच निघाली. पावती क्रमांक, वेळ, दोन्ही वजने आणि गाडी क्रमांक त्यात येतात, मात्र ओलावा आणि भाव येत नाहीत, कारण ते शेटजी पावतीवर पेनाने लिहितात. आता दोन शंका उरतात. पेनाने लिहिलेले ओसीआरने (चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या तंत्राने) वाचून घेता येईल का? आणि पुढे कधी विक्रेत्याकडून काम करून घेतलेच, तर करारात काय असावे?

सातपुडा_कोड (मूळ गाव यावल, सध्या पुणे)

हाताने लिहिलेला भाव ओसीआरने वाचून त्यावर पैसे अदा करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ७ चा १ झाला तर क्विंटलमागे केवढा फरक पडतो, हे आपल्याला मी सांगायला नको. ओलावा आणि भाव हे दोन आकडे काट्यावरच टाइप करण्याचे रकाने पुरवठादाराकडून वाढवून घ्या. ते जमत नसेल, तर मुलाने संध्याकाळी एक्सेलमध्ये पावती क्रमांकासमोर फक्त हे दोन आकडे भरावेत. बाकी सारे फाइलमधून येईल. तिप्पट टंकलेखन एकपट होईल आणि आपल्या मूळ तक्रारीचा मोठा भाग तिथेच मिटेल. व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप सध्या हातानेच राहू द्या. पडद्यावरून घाऊक निरोप पाठवणारे रोबोट त्या कंपनीच्या नियमांत बसत नाहीत आणि क्रमांक बंद होऊ शकतो. पुढे वाटल्यास तिची अधिकृत व्यावसायिक सेवा घेता येईल.

कराराबाबत, तयार केलेला प्रवाह, म्हणजे रोबोटच्या पायऱ्यांचा क्रम, आपल्या मालकीचा राहील आणि त्याची फाइल आपल्याकडे दिली जाईल, हे लिहून घ्या. टॅलीची आवृत्ती बदलल्यावर दुरुस्ती किती दिवसांत आणि कोणत्या दराने होईल, हेही त्यात असू द्या. रोबोटसाठी टॅलीत स्वतंत्र वापरकर्ता उघडा, म्हणजे कोणती नोंद कोणी केली हे नंतर कळेल. पासवर्ड प्रवाहात उघडा लिहिलेला नसावा. चाचणीसाठी टॅलीतल्या कंपनीचा बॅकअप वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवून, गेल्या हंगामातल्या एखाद्या गर्दीच्या दिवसाच्या पावत्या त्यात चालवून पाहा आणि एकूण क्विंटल व रुपये जुन्या नोंदींशी जुळवा. हे सारे सप्टेंबरातच उरकून घ्या, कारण एकदा काट्यासमोर गाड्यांची रांग लागली की शेटजी आपल्याला चाचणी करू देणार नाहीत.