मुंबईत परिचारिका व्हायचे आहे: जीएनएम की बीएस्सी?

प्रश्न (भांडुप): माझ्या बहिणीची यंदा विज्ञान शाखेतून बारावी झाली असून तिला परिचारिकाच व्हायचे आहे. तीन वर्षांचा जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) हा पदविका अभ्यासक्रम करावा की चार वर्षांची बीएस्सी नर्सिंग, आणि नोकरी कुठे शोधावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (परळ): परवडत असेल तर बीएस्सीच करावी, जीएनएमनंतरही दोन वर्षांची पोस्ट बेसिक बीएस्सी करता येते. मात्र महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी दोन्हीकडे आवश्यक आहे. केईएम, सायन, नायर ही रुग्णालये महापालिकेची, तर जे. जे. राज्य सरकारचे असल्याने भरतीच्या जाहिराती स्वतंत्र निघतात.

उत्तर (धारावी): ताई, भाषेचेही सांगते, कारण अभ्यासक्रमात ती कोणी शिकवत नाही. एका रात्रपाळीत माझ्याकडे शेजारशेजारच्या खाटांवर भोजपुरी, तमिळ आणि कोकणी बोलणारे रुग्ण होते. तमिळ आजी पोटावर हात ठेवून सारख्या ‘वलि, वलि’ म्हणत होत्या. त्याचा अर्थ दुखणे, हे तमिळ जाणणाऱ्या सिस्टरने सांगितले, तेव्हा कुठे डॉक्टरांना नेमके कळवता आले. तेव्हापासून प्रत्येक भाषेतले दुखणे, ताप, पाणी, उलटी असे शब्द मी खिशातल्या छोट्या वहीत लिहून ठेवते. बहिणीलाही आतापासूनच ही सवय लावावी.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. वही आजच आणते.