बोरीची राख १४ लाख वर्षांची की ७५ हजार?

कुकडीकाठ
आमचं गाव जुन्नर तालुक्यात, बोरीच्या शेजारी. तिथल्या नाल्याकाठी दिसणारी राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, हे लहानपणापासून ऐकतोय. तिथे दगडी हत्यारंही मिळाली, म्हणून बोरीत १४ लाख वर्षांपूर्वी माणूस होता असं सांगतात. आता कुणी ७५ हजार म्हणतंय. शाळेतल्या पोरांना काय सांगू?

खडकवेडा
पोरांना वादासकट सांगा दादा, त्यांना आवडेल. १४ लाख हा आकडा ८०च्या दशकात पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने आला (खडकातल्या पोटॅशियमचा काळानुसार आर्गॉन वायू बनतो, तो मोजून वय काढतात). १९९५ साली आर्गॉन-आर्गॉन या त्याच्याच सुधारित पद्धतीने ६ लाख ७० हजार निघाले. त्याच वर्षी दुसऱ्या अभ्यासकांनी राखेतल्या काचकणांचं रसायन तपासलं, ते टोबाच्या शेवटच्या महास्फोटाशी जुळलं, म्हणजे साधारण ७५ हजार वर्षं. आपला काळा खडक साडेसहा कोटी वर्षांचा. त्याचे चार कण जरी नमुन्यात मिसळले, तरी वय फुगतं. मला काचकणांचा पुरावा जास्त पटतो.

प्रवरासंगम
पण मग हत्यारंही ७५ हजार वर्षांचीच का? बोरीच्या हातकुऱ्हाडी तर अशूलियन, म्हणजे लाखो वर्षांपूर्वीच्या आदिमानवाच्या घडणीच्या आहेत.

खडकवेडा
नाही, आणि खरी मेख इथेच आहे. राखेचं वय म्हणजे हत्याराचं वय नव्हे. नदी राख वाहून आणते, गोटे वाहून आणते, जुनं-नवं एकाच थरात बसवते. हत्यार घडवलं तिथेच पडून राहिलंय की वाहत आलंय, ते आधी ठरवावं लागतं. तमिळनाडूतल्या अत्तिरमपक्कमला पुरातत्त्वज्ञ शांती पप्पू यांच्या चमूने हत्यारं ज्या मातीत गाडली गेली होती तिचं आणि खुद्द हत्यारांच्या दगडाचं वय मोजलं. २०११ साली जाहीर झालं: किमान १० लाख, सरासरी १५ लाख वर्षं. म्हणजे दख्खनमध्येही माणूस तेवढा जुना असू शकतो, पण बोरीच्या राखेवरून ते सिद्ध होत नाही.

एक कळकळीची विनंती. पोरांना घेऊन गेलात तर दगड उचलू देऊ नका. जागेवर फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवा. थरातून सुटलेल्या हातकुऱ्हाडीचं वय पुन्हा कुणालाच काढता येत नाही.

कुकडीकाठ
हे पटलं. पोरांना खरी हातकुऱ्हाड कुठे बघायला मिळेल?

प्रवरासंगम
पुण्याला येरवड्यात, डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात. आधी फोन करून वेळ ठरवा.