अँफीथिएटरला मराठीत काय म्हणावं?

कडकभाकरी: अमेरिकेत कोलोरॅडोतल्या रेड रॉक्स अँफीथिएटरवरचा लेख नाट्यमंडळाच्या अंकासाठी मराठीत करतेय. डेन्वरजवळ वालुकाश्माचे दोन अजस्र कडे, मधल्या उतारावर बसायच्या रांगा, १९४१ साली खुलं झालं. मी 'खुला रंगमंच' लिहिलं. संपादकांनी खोडून 'मुक्ताकाश प्रेक्षागृह' केलं. आकाश मुक्त, मग गृह कुठलं?

जुनीपेठ: संपादकांचं बरोबर आहे. रंगमंच म्हणजे नट उभे राहतात तेवढाच. रेड रॉक्सची कमाल बसायच्या बाजूला आहे. ग्रीक 'थिएट्रॉन' म्हणजेही बघायची जागा. आणि भरतमुनींनी नाट्यशास्त्रात प्रेक्षकांची आसनं 'सोपानाकृति' सांगितली आहेत, विटा-लाकडाची. आपल्याकडे शब्द असताना उसनवारी कशाला?

सातरस्ता: त्याच नाट्यशास्त्रात मंडप 'शैलगुहाकार' बांधा म्हटलंय की ओ! गुहेला छप्पर नसतं होय? शिवाय 'अँफी' म्हणजे दोन्हीकडून. रोमचं कोलोसियम खरं अँफीथिएटर, चहूबाजूंनी प्रेक्षक. ग्रीसमधल्या एपिडॉरसच्या जुन्या नाट्यगृहात लोक मंचाच्या तीनच अंगांना बसतात, म्हणून ते नुसतं थिएटर. त्या हिशेबाने रेड रॉक्सचं इंग्रजी नावच चुकलंय.

शेंगाचटणी: ताई, 'अँफीथिएटर'च ठेवा. कॉलेजातली पोरं 'अँफीवर भेटू' म्हणतात, सगळ्यांना कळतं.

कडकभाकरी: आमचा अंक पोरांपेक्षा त्यांचे आजोबाच जास्त वाचतात, दादा.

कट्टेकरी: मग 'कट्टा' म्हणा. आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत संमती कट्ट्यापाशी सातही नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, येतात, अक्षता पडतात, अफाट गर्दी उघड्यावर उभी असते. तिथे कुणी 'गृह' शोधत नाही.

जुनीपेठ: कट्टा कानडी 'कट्टे'वरून आलाय. शुद्ध शब्द हवा असेल तर...

सातरस्ता: सोलापुरात राहून कानडीचा विटाळ? होम मैदानातला 'होम' संस्कृत, 'मैदान' फारसी. आधी त्याचं 'होमप्रांगण' करून दाखवा, रिक्षावाला नेतो का बघू.

शेंगाचटणी: आमचे आजोबा तमाशाच्या 'फडावर' जायचे. चहूकडे कनात, वर आभाळ. हाच अस्सल शब्द.

जुनीपेठ: फड म्हणजे मंडळी. अमक्याचा फड आला, तमक्याचा फड फुटला. जागा नव्हे.

शेंगाचटणी: उसाचा फड मग काय मंडळी आहे?

कडकभाकरी: सोमवारी अंक छापायला जातोय हो. 'खुला रंगमंच' चालेल की नाही?

कट्टेकरी: कुस्त्यांचा फड राहिला की! तोही जागाच. आमच्या गावी तर लोक झाडावर चढून बघतात.

जुनीपेठ: कुस्तीला आखाडा म्हणतात. फड भरतो, आखाडा असतो. फरक आहे.