मुलीला पायलट व्हायचंय, कन्सल्टन्सी महिनाअखेर निम्मे पैसे मागतेय. सल्ला हवा

तासगावची_आई

नमस्कार मंडळी,

मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. फिजिक्स-मॅथ्सला गुण चांगले आहेत. नववीपासून एकच धोशा लावलाय, पायलट व्हायचं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, ह्यांची द्राक्षबाग. विमान क्षेत्रातलं ओळखीपाळखीत कुणी नाही, म्हणून इथे विचारतेय.

मागच्या आठवड्यात पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीत जाऊन आलो. त्यांचं म्हणणं, परदेशात वर्षभरात लायसन्स मिळतं, परत आल्यावर नोकरीसाठी ते मदत करतात, सगळे मिळून ६२ लाख. या महिनाअखेर निम्मे भरले तर तीन लाख सवलत. मेडिकलचं विचारलं तर म्हणाले, "ते होऊन जातं मॅडम, आधी सीट पक्की करा." मुलीला चष्मा आहे, दोन्ही डोळ्यांना अडीच नंबर. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

परदेशात पाठवावं की इथेच? ६२ लाखांत खरंच सगळं येतं का? चष्म्याचं काय? आणि विमानाचीच आवड असेल तर पायलट सोडून दुसरं काय करता येतं? ह्यांचा प्रश्न वेगळाच आहे: पोरगी पायलट झाली तर घरी कधी येणार? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा.

रनवे_सत्तावीस

ताई, ती सवलत सोडून द्या. क्लास वन मेडिकल (पायलटची मुख्य वैद्यकीय तपासणी) हातात येईपर्यंत कुणालाही रुपया देऊ नका. मी एअरबस ३२० वर फर्स्ट ऑफिसर आहे. सगळा पैसा भरून झाल्यावर मेडिकलमध्ये अडकलेली मुलं मी पाहिली आहेत.

आधी क्लास टू मेडिकल. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, लायसन्स देणारं सरकारी खातं) साइटवर मान्यताप्राप्त डॉक्टरांची यादी आहे, पुण्यात सहज होईल. डोळे, कान, ईसीजी, छातीचा एक्स-रे, रक्त-लघवी असं सगळं बघतात. त्यानंतर क्लास वन. ते पहिल्यांदा हवाई दलाच्या केंद्रात (बंगळूर किंवा दिल्ली) किंवा डीजीसीएने मान्यता दिलेल्या नागरी केंद्रात करतात. सीपीएल, म्हणजे ज्यावर नोकरी मिळते ते लायसन्स, क्लास वनशिवाय मिळत नाही.

चष्म्याची काळजी नको. चष्मा लावून नजर नीट येत असेल तर अडीच नंबर आड येत नाही, उडताना जादा चष्मा जवळ बाळगावा लागतो एवढंच. खरी धास्ती रंग ओळखण्याची असते. ठिपक्यांतले आकडे वाचायचे ते इशिहाराचे तक्ते कुठल्याही नेत्रतज्ज्ञाकडे असतात, उद्याच तासगावात किंवा सांगलीत तपासून घ्या. कुणी नंबर घालवायला लेझर करा म्हणालं तर मेडिकलच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. हिमोग्लोबिनही आधीच बघा. मुली पुष्कळदा तिथेच 'तात्पुरत्या अनफिट' होतात आणि महिने वाया जातात.

मेडिकलच्या बरोबरीने डीजीसीएचे लेखी पेपर सुरू करायचे: नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल. पासिंग ७० टक्क्यांना आहे. रेडिओची परीक्षा वेगळी, ती पूर्वी दूरसंचार खातं घ्यायचं, नव्या विमान कायद्यानंतर डीजीसीएकडे आली. पेपरांच्या क्लासला उडण्याच्या मानाने किरकोळ खर्च येतो आणि लेकीला हे झेपतंय की नाही ते साठ लाख जाण्याआधी कळतं. माझ्यासोबत क्लासला आलेल्यांपैकी कितीतरी जण नेव्हिगेशनच्या पेपरालाच परत फिरले.

६२ लाखांबद्दल: त्यात टाइप रेटिंग आहे का विचारा. बहुधा नसणार. सीपीएल होतं लहान विमानावर. एअरलाइनचं जेट चालवायला त्या विशिष्ट विमानाचं सिम्युलेटरवरचं प्रशिक्षण वेगळं, त्याचे पंधरा-वीस लाख वेगळे. शिवाय परदेशातलं लायसन्स इथे जसंच्या तसं चालत नाही. इथला पेपर, इथली चेक-राइड (परीक्षकासोबत उडून द्यायची परीक्षा), कागदपत्रं, हे सगळं करून ते भारतीय करून घ्यावं लागतं, त्यात काही महिने जातात.

खानदेशी_पाखरू

वरच्याशी सहमत. मी महाराष्ट्रातच फ्लाइंग केलं, कुठे ते सांगत नाही, कारण तक्रारही करणार आहे.

आपल्याकडे पर्याय बरेच आहेत: बॉम्बे फ्लाइंग क्लबचं धुळं, बारामती, शिरपूर, गोंदियाचं बिरसी, नागपूर, जळगाव. अमरावतीला बेलोऱ्यात एअर इंडियाने मोठी शाळा जाहीर केलीये. सरकारी म्हटलं तर उत्तर प्रदेशात रायबरेलीजवळ फुरसतगंजची इग्रुआ, तिची प्रवेश परीक्षा असते.

सीपीएलला २०० तास लागतात. त्यातले १०० तास पायलट-इन-कमांड (विमानाची जबाबदारी आपल्यावर) म्हणून, ३०० सागरी मैलांची एक लांबची क्रॉस-कंट्री (दुसऱ्या विमानतळांवर उतरत केलेली फेरी), रात्रीचे तास, इन्स्ट्रुमेंटचे (बाहेर न बघता उपकरणांवर उडायचे) तास. ब्रोशरमध्ये लिहितात 'बारा ते पंधरा महिने'. माझ्या बॅचमध्ये कुणाचंच तेवढ्यात झालं नाही. जून ते सप्टेंबर ढग खाली आले की लहान विमानं हँगरमध्ये. उरलेल्या दिवसांत पहाटे पाचला उठून बोर्डापुढे उभं राहायचं, आज कुणाचं नाव लागलंय ते बघायला. नाव लागलं की विमानाभोवती फिरून प्रत्येक बिजागरी, टायर, ऑइल बघायचं, टाकीत काठी घालून इंधन मोजायचं, टाकीखालच्या झडपेतून थोडं इंधन काचेच्या नळीत काढून उजेडात धरायचं. तळाशी पाण्याचा थेंब दिसला तर पुन्हा काढायचं. एवढं सगळं करून बसलो की इंजिनिअर येऊन सांगतो, स्नॅग (बिघाड) आहे, उतरा. दुपारी बारानंतर जमीन तापून विमान इतकं हिंदकळतं की नवख्यांना पाठवत नाहीत. म्हणजे दिवस गेला.

म्हणून शाळा बघायला जाल तेव्हा ऑफिसात चहा पिऊन परत येऊ नका. हँगरमध्ये जा. विमानं किती आहेत विचारू नका, आज सकाळी उडाली किती ते विचारा. इन्स्ट्रक्टर किती, विद्यार्थी किती. आणि मेसमध्ये दोन सीनियर मुलं गाठून विचारा, मागच्या महिन्यात किती तास झाले. तिथे खरं कळतं. माझ्या शाळेत पैसे आधी एकरकमी घेतले आणि मग डोकी वाढली, विमानं तेवढीच राहिली. टप्प्याटप्प्याने, झालेल्या तासांवर पैसे घेत असतील तिथेच जा, आणि परताव्याचं लेखी घ्या.

१ ऑक्टोबर २०२५ पासून डीजीसीए फ्लाइंग स्कूलना श्रेणी देतंय, ती यादी बघा. पहिल्या यादीत सगळ्यात वरच्या दोन श्रेणींत एकही शाळा बसली नव्हती, यावरून काय ते समजा.

चिमणराव_पुणे

माझं स्पष्ट मत: साठ लाखांची एफडी करा आणि पोरीला इंजिनिअरिंगला घाला. सीपीएल घेऊन बेकार बसलेले ढिगाने आहेत.

रनवे_सत्तावीस

चिमणराव, टोन सोडला तर मुद्द्यात तथ्य आहे. या धंद्यात भरती लाटेने येते. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली, मग कोविड, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट ही एअरलाइन. प्रत्येक वेळी हजारो तासांचे अनुभवी पायलट बाजारात आले आणि २०० तासवाल्या पोरांना कुणी विचारेना. त्यात बसून राहिलं तरी खर्च थांबत नाही, इन्स्ट्रुमेंट रेटिंग आणि मेडिकल चालू ठेवावंच लागतं. म्हणून ताई, हिशेब करताना सीपीएल, टाइप रेटिंग आणि वर दोनेक वर्षं पगाराशिवाय, असा करा. एअरलाइनच्या कॅडेट प्रोग्रॅममध्ये (एअरलाइनच आधी निवडून प्रशिक्षणाला पाठवते) नोकरीची वाट जास्त सरळ असते, पण तो खर्च कोटीच्या घरात जातो.

मिहान_मेकॅनिक

विमानाची आवड असेल तर एएमई, म्हणजे विमान देखभाल इंजिनिअर, याकडेही बघा. बारावी फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स लागतं. डीजीसीएमान्य संस्थेत शिक्षण, मॉड्यूलच्या परीक्षा (पासिंग ७५ टक्के), प्रत्यक्ष कामाचा अनुभव, मग लायसन्स. बी-१ म्हणजे इंजिन-एअरफ्रेम, बी-२ म्हणजे एव्हिऑनिक्स (विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा). पायलटच्या पाचव्या-सहाव्या हिश्शात शिक्षण होतं. मी नागपूरला हँगरमध्ये आहे. काम रात्रीचं, कारण विमानं दिवसा उडतात. नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली, हात ग्रीसमध्ये. पण माझ्या सहीशिवाय विमान हलत नाही, ही मजा पायलटलाही नाही. संस्था निवडताना फसवणूक इथेही आहेच, मान्यता चालू आहे का ते डीजीसीएच्या यादीत बघूनच प्रवेश घ्या.

स्ट्रिप_आणि_स्टायलस

मी एटीसीमध्ये, म्हणजे विमानांना रेडिओवरून वाट दाखवणाऱ्या हवाई वाहतूक नियंत्रणात. पैशाचा प्रश्न असेल तर हा रस्ता मला सगळ्यात सरळ वाटतो. बीएस्सी (फिजिक्स आणि मॅथ्ससह) किंवा इंजिनिअरिंग करायचं, मग विमानतळ प्राधिकरणाची ज्युनिअर एक्झिक्युटिव्हची परीक्षा. वयोमर्यादा २७, राखीव प्रवर्गांना सवलत. लेखीनंतर आवाजाची चाचणी आणि मानसशास्त्रीय चाचणी असते. निवड झाली की प्रशिक्षण प्राधिकरण देतं, तेही पगार चालू असताना. प्रयागराजचं केंद्र जुनं, हैदराबाद आणि आपल्या गोंदियालाही होतं. मूळ वेतन ४०,०००पासून सुरू.

काम शिफ्टचं आणि डोकं पिळून काढणारं. साधारण दोन तास चॅनलवर (विमानांशी रेडिओवर बोलत) बसलं की उठवतातच, कारण त्यापुढे माणूस चुकतो. पहिलं पोस्टिंग देशात कुठेही, आणि प्रत्येक नव्या ठिकाणी तिथलं रेटिंग (काम करायची परवानगी) पुन्हा मिळवावं लागतं. पावसाळ्यात मुंबईवर ढग उतरले की पंधरा-सोळा विमानं होल्डिंगमध्ये (वरच घिरट्या घालत) आणि प्रत्येकाला इंधनाची घाई. त्यातून सगळी उतरवल्यावर जी भूक लागते ना!

तासगावची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीला पूर्ण धागा वाचायला दिला. तिला एटीसी हा प्रकार माहीतच नव्हता, पण उडायचंच म्हणतेय. रंगाचे तक्ते काल सांगलीत तपासले, सगळे वाचले तिने. कन्सल्टन्सीला 'नको' म्हणून कळवलंय, तरी त्यांचे रोज दोन फोन येतात.

ह्यांच्या प्रश्नाचं मात्र कुणी उत्तर दिलं नाही: घरी कधी येणार?

रनवे_सत्तावीस

काकांना सांगा, गणपतीची खात्री नाही, मंगळवारची आहे. रोस्टर (ड्युटीचं वेळापत्रक) येतं तसं आयुष्य. पहाटे साडेपाचचं उड्डाण असेल तर तीनच्या आधी गाडी दारात. विमानतळावर पोचलो की ब्रेथ अ‍ॅनालायझर. उड्डाणाआधी बारा तास दारू वर्ज्य, आणि अल्कोहोल असलेला माउथवॉश, काही कफ सिरप यांनीही गोत्यात येता येतं, पहिल्याच वेळी लायसन्स तीन महिने निलंबित. मग हवामान, इंधन, विमानाची कागदपत्रं. दिवसाला कधी दोन तर कधी चार उड्डाणं, मधे अर्ध्या तासात प्रवासी उतरवून नवे चढवायचे. जेवण गुडघ्यावर.

वर्षाला १००० तासांहून जास्त उडवता येत नाही. सलग साप्ताहिक विश्रांती २०२५ मध्ये ३६वरून ४८ तासांवर नेली, रात्रीच्या लँडिंगवरही नवे निर्बंध आले. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची विमानं धडाधड रद्द झाली ती हे नियम लागू होताना पुरेसे पायलट नव्हते म्हणून. मग त्यांना काही काळ सवलत मिळाली. कागदावरची विश्रांती आणि अंगाला मिळणारी झोप यात फरक राहतोच. बेस दिल्ली किंवा कोलकाता मिळाला तर सुटीचा अर्धा दिवस प्रवासात जातो. दर वर्षी मेडिकल, दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरची परीक्षा, आणि त्या दोन्हींवर नोकरी टांगलेली. हे मला पगारापेक्षा जास्त जड जातं.

अवांतर: 'मुलगी कशी करेल' असं कुणी नातेवाईक म्हणाले तर त्यांना सांगा, कॅप्टन सौदामिनी देशमुखांनी १९८५ साली सगळ्या महिला क्रूसह फोकर विमान कोलकाता-सिलचर नेलं होतं.

व्याजदर

मी बँकेत कर्ज विभागात होतो. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला सहसा तारण मागतात. शेतजमीन तारण म्हणून घ्यायला बऱ्याच शाखा नाखूश असतात, सातबाऱ्यावर बागेचं पीककर्ज असेल तर आणखीच. राहतं घर किंवा एनए प्लॉट असेल तर बोलणं पुढे जातं. शिक्षणकाळात हप्ता नसतो पण व्याज चढत राहतं, ते शिक्षिकेच्या पगारातून दरमहा भरत राहिलात तर पुढचा बोजा खूप हलका होतो. टाइप रेटिंग त्याच कर्जात बसवता येतं का ते मंजुरीच्या आधीच लेखी विचारा, मागाहून वाढवून देत नाहीत. आणि प्रवर्गात बसत असाल तर महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेच्या पायलट प्रशिक्षण योजनेची जाहिरात येते का यावर लक्ष ठेवा. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी मुलांसाठी ती नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत राबवली होती.

तासगावची_आई

ठरलं असं: आधी क्लास टू, मग क्लास वन, तोवर पुण्यात पेपरांचा क्लास. ती सोबत बीएस्सीलाही प्रवेश घेतेय, म्हणजे एटीसीचं दार उघडं राहील. बागेला हात लावायचा नाही.

एक शेवटची शंका. मार्कलिस्टवर आडनाव आधी आहे, आधारवर शेवटी, आणि पासपोर्ट अजून काढलेला नाही. पुढे अडेल का?

खानदेशी_पाखरू

अडेल, म्हणून आत्ताच सुधारा. डीजीसीएच्या पेपरांना बसण्याआधी त्यांच्या ऑनलाइन पोर्टलवर कॉम्प्युटर नंबर (परीक्षार्थीचा नोंदणी क्रमांक) काढावा लागतो. त्यासाठी दहावी-बारावीच्या मार्कलिस्टची बोर्डाकडून पडताळणी लागते, तुमचं कोल्हापूर विभागीय मंडळ. आधार, पासपोर्ट आणि मार्कलिस्ट यांत नावाचं स्पेलिंग अक्षरन् अक्षर एक ठेवा, वडिलांच्या नावासकट. पासपोर्टचा अर्ज याच आठवड्यात टाका आणि बोर्डाच्या पडताळणीसाठी स्वतः कोल्हापूरला जाऊन या, पोस्टाने पाठवलेला अर्ज माझ्या वेळी दोन महिने टेबलावरून हललाच नव्हता.