'डिफेक्शन'ला मराठीत काय म्हणावे : राजदूत फुटतो, फितूर होतो, की फारकत घेतो?

प्रश्न : सीरियातील यादवीवरील एका लेखाचा अनुवाद करताना मी 'डिफेक्शन' (आपले सरकार किंवा पक्ष सोडून विरोधी बाजूला जाणे) या शब्दापाशी अडलो आहे. प्रसंग असा आहे. सीरियाचे इराकमधील राजदूत नवाफ अल-फारेस यांनी 11 जुलै 2012 रोजी अल जझीरा वाहिनीवरून आपण राजदूतपद आणि तेव्हाचा सत्ताधारी बाथ पक्ष सोडत असल्याचे जाहीर केले, आपण क्रांतीच्या बाजूला आलो आहोत असे सांगितले आणि इतरांनाही तसेच करण्याचे आवाहन केले. 'पक्षांतर' लिहावे तर विधानसभा डोळ्यांसमोर उभी राहते, 'फितुरी' लिहावे तर तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बशर अल-असद यांची बाजू घेतल्यासारखे होते आणि 'राजीनामा' फारच सौम्य वाटतो. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद : आपली अडचण खरी आहे, कारण या अर्थाचे आपले बहुतेक शब्द ज्याला सोडून माणूस गेला त्याच्या तोंडचे आहेत. 'फितूर' हा मूळचा अरबी शब्द असून तिकडे त्याचा अर्थ ढिलाई किंवा मंदपणा असा आहे. मराठीत मात्र त्याला दगाबाजीचा अर्थ चिकटला आणि आजही साक्षीदार उलटला की बातमीत तो 'फितूर' होतो. या शब्दात निंदा तर आहेच, शिवाय गुप्तपणाही आहे. फितुरी रात्री दरवाजा उघडून देणाऱ्याची असते. वाहिनीवर जगासमोर बोलणाऱ्या राजदूताला तो शब्द निंदेपुरताही बसत नाही.

'राजीनामा' या शब्दाची गंमत अशी की त्याचा मूळ अर्थ राजीखुशीचा, म्हणजे संमतीचा कागद. ज्याने नाराजीने पद टाकले त्याच्याही नावावर आपण राजीनामाच लिहितो! त्यातही एक व्यावहारिक मुद्दा आहे. राजीनाम्यात तो स्वीकारणारा कोणीतरी गृहीत असतो, आणि दमास्कसच्या, म्हणजे सीरिया सरकारच्या, परराष्ट्र मंत्रालयाने तर दुसऱ्याच दिवशी फारेस यांना आम्हीच पदमुक्त केले आहे असे जाहीर केले. एकाच घटनेला एक बाजू 'मी सोडले' म्हणत होती आणि दुसरी 'आम्ही काढले' म्हणत होती. अनुवादकाने शब्द निवडताना नकळत यांपैकी एका बाजूचे निवेदन आपलेसे करू नये, एवढीच माझी सूचना आहे.

स्वतः अरबी भाषक या कृतीला 'इन्शिकाक' म्हणतात. त्याचा मूळ अर्थ चिरणे, दुभंगणे असा असून कुराणातील 84व्या सूरेचे, म्हणजे आकाश दुभंगण्याच्या वर्णनाने सुरू होणाऱ्या अध्यायाचे, नाव हेच आहे. यावरून आपला 'फुटणे' हा शब्द आठवल्याशिवाय राहत नाही, आणि अर्थाच्या दृष्टीने तो सर्वांत जवळचा आहेही. अडचण एवढीच की मराठीत 'फुटणे'च्या पाठीमागे 'फोडणे' उभे असते. आमदार फुटले म्हटले की ते कोणी फोडले हा प्रश्न लगेच येतो. अरबी शब्दात फोडणाऱ्याचा असा वास येत नाही.

म्हणून माझी पसंती 'फारकत घेणे' याला आहे. ऋण फिटल्याची किंवा संबंध संपल्याची लेखी पावती म्हणजे फारखत. त्यावरून कोणाशीही उघडपणे नाते तोडणे हा अर्थ रूढ झाला. त्यात लपवाछपवी नाही, लाच नाही आणि निवाडाही नाही.

आणखी एक प्रतिसाद : 'फारकत' चांगला शब्द आहे, परंतु तो अर्धीच गोष्ट सांगतो. तो माणूस कोणाला सोडून गेला ते कळते, कोणाकडे गेला ते कळत नाही. लीबियाचे भारतातील राजदूत अली अल-इसावी यांनी फेब्रुवारी 2011 मध्ये निदर्शकांवरील हिंसाचाराच्या निषेधार्थ पद सोडले आणि पुढे ते बंडखोरांच्या राष्ट्रीय परिषदेत गेले. येथे पहिल्या पावलाला 'फारकत' आणि दुसऱ्याला आपला जुना 'जाऊन मिळणे' हा प्रयोग नेमका बसतो. एका नामाचा हट्ट इंग्रजीचा आहे. मराठीला दोन क्रियापदे चालतात.

म्यानमारचा दाखला मात्र या दोन्हींत बसत नाही. 1 फेब्रुवारी 2021 च्या लष्करी उठावानंतर संयुक्त राष्ट्रांतील त्या देशाचे प्रतिनिधी क्यॉ मो टुन यांनी 26 फेब्रुवारीला आमसभेत उठावाचा निषेध करून विरोधाची खूण म्हणून तीन बोटे उंचावली. दुसऱ्या दिवशी लष्कराने त्यांना बडतर्फ केले, तरी त्यांनी खुर्ची सोडली नाही, आणि अधिकारपत्रांचा, म्हणजे देशाचा अधिकृत प्रतिनिधी कोण याचा, निर्णय संयुक्त राष्ट्रांनी लांबणीवर टाकल्यामुळे ते तेथेच राहिले. ते कोठे गेलेच नाहीत, मग त्यांना फुटलेले कसे म्हणावे? त्यांच्या मते फुटले ते लष्कर.

प्रश्नकर्ता : दोघांचेही आभार. सीरियाच्या परिच्छेदात मी 'राजदूताने असद सरकारशी फारकत घेतली आणि तो बंडखोरांना जाऊन मिळाला' असे लिहीत आहे. दमास्कसचे निवेदन जेथे येते तेथे 'पदमुक्त केले' हे त्यांचेच शब्द त्यांच्याच नावावर ठेवतो. लेखाच्या शेवटी म्यानमारचा उल्लेख एका ओळीत येतो. तेथे 'लष्करी राजवट झुगारली' एवढेच पुरेल.